बाकीच्या एकवीस खेळाडूंना खुले पत्र

व्यावसायिक फुटबॉल खेळणाऱ्या सर्व संघांचे कर्णधार आणि खेळाडू यांस,

सप्रेम नमस्कार.

वर्णद्वेषाबद्दलची पत्रे आजवर फिफाला गेली, युरोपातल्या फुटबॉलची संघटना असलेल्या युएफाला गेली, देशोदेशीच्या महासंघांना गेली. त्यांची उत्तरे आता सगळ्यांना पाठ आहेत. आधी निषेध, मग चौकशी, मग दंड, आणि पुढच्या सामन्याआधी दोन्ही संघांनी मिळून धरलेला एक फलक. दंडाचे म्हणाल तर २०१२च्या युरो स्पर्धेत डेन्मार्कच्या निकलस बेंटनरने गोल केल्यावर जाहिरातीची अंडरपँट दाखवली म्हणून युएफाने त्याला एक लाख युरो दंड केला होता. त्याच स्पर्धेत इटलीच्या मारिओ बालोतेल्लीवर प्रेक्षकांनी केलेली वर्णद्वेषी शेरेबाजी आणि फेकलेले फटाके, या सगळ्याबद्दल मिळून क्रोएशियाच्या महासंघाला झालेला दंड होता ऐंशी हजार युरो. त्यानंतर दंडाच्या रकमा वाढल्या, नियम कडक झाले, हे मी नाकारत नाही. पण दर हंगामात तेच ऐकू येते आहे. म्हणून हे पत्र तुम्हाला.

स्टँडमधून माकडाचे आवाज सुरू होतात तेव्हा ज्याच्यासाठी ते काढले जातात त्या एका खेळाडूला सोडून मैदानावर उरता ते तुम्ही एकवीस जण. दहा त्याच्या संघातले, अकरा समोरचे. प्रेक्षकांना आवरणे हे तुमचे काम नाही, मान्य. पण त्या घटकेला खेळायचे की थांबायचे हा निर्णय फुटबॉलने ज्याला शिवी बसली त्याच्याच गळ्यात घातला आहे. तो तुम्ही स्वतःकडे घ्यावा, एवढेच माझे मागणे आहे.

पोर्तुगालमधल्या गिमाराइशचे मैदान आठवा. तारीख १६ फेब्रुवारी २०२०. पोर्टोचा आघाडीपटू मूसा मारेगा पूर्वी याच गिमाराइशच्या क्लबकडून खेळलेला, म्हणजे ज्यांनी एकेकाळी त्याच्या नावाने टाळ्या पिटल्या तेच लोक समोर बसलेले. सामन्याआधीच्या सरावापासून त्याच्या दिशेने आवाज चालू होते. साठाव्या मिनिटाला त्याने गोल केला, पोर्टोला २-१ अशी आघाडी मिळाली. तो स्टँडसमोर गेला आणि आपल्या हाताच्या कातडीकडे त्याने बोट दाखवले. वरून खुर्च्या भिरकावल्या गेल्या. त्यातली एक उचलून त्याने डोक्यावर धरली. पंचांनी त्याला पिवळे कार्ड दाखवले. साधारण दहा मिनिटे तो आणखी खेळला आणि मग चालायला लागला.

त्यानंतरचे चित्रण तुमच्यापैकी प्रत्येकाने एकदा आवाज बंद करून पाहावे. मारेगा साइडलाइनकडे निघाला आहे आणि त्याचे सहकारी एकामागून एक त्याच्या वाटेत येत आहेत. कुणी खांदे धरतो, कुणी कमरेला मिठी घालून मागे ढकलतो, कुणी दोन्ही हातांनी त्याचा चेहरा आपल्याकडे वळवू पाहतो. समोरच्या संघातलेही काही जण येतात. तो एकेकाचा हात झटकतो, पुन्हा कुणी तरी धरतो. शेवटी दोन्ही अंगठे खाली करून तो स्टँडकडे पाहतो आणि बोगद्यात शिरतो. त्याच्या जागी बदली खेळाडू आला, उरलेली मिनिटे खेळली गेली, पोर्टो २-१ने जिंकला.

त्या हातांत मला दुष्टपणा दिसत नाही. माया दिसते, घाबरटपणा दिसतो, आणि सवय दिसते. 'शांत हो, त्यांना जिंकू देऊ नकोस, आपण खेळू' असेच ते म्हणत असणार. पण बघा, मैदानात इतकी ताकद होती, इतके धडधाकट लोक होते, आणि ती सगळी ताकद खर्च झाली ती ज्याच्यावर अन्याय झाला त्याला अडवण्यात.

हे पहिल्यांदा घडत नव्हते. नोव्हेंबर २००५मध्ये मेसिनाच्या मार्क झोरोने इंटरविरुद्धच्या सामन्यात चेंडू उचलून काखेत घेतला आणि खेळणार नाही म्हणाला. इंटरच्या अॅद्रियानोने त्याची समजूत घातली. फेब्रुवारी २००६मध्ये सारागोसाला सॅम्युएल एटो निघाला, सहकारी, प्रतिस्पर्धी आणि पंच सगळ्यांनी त्याला परत आणले. नोव्हेंबर २०१९मध्ये व्हेरोनाला बालोतेल्लीने चेंडू थेट प्रेक्षकांत लाथाडला, तोही परत आणला गेला. प्रत्येक वेळी समजूत घातली गेली ती एकाच माणसाची.

राहून खेळणाऱ्याच्या वाट्याला काय येते तेही तुम्ही जवळून पाहिले आहे. २६ डिसेंबर २०१८ला मिलानच्या सान सिरो स्टेडियमवर नापोलीच्या प्रशिक्षकांनी, कार्लो अँचेलोट्टींनी, सामना थांबवा म्हणून पुन्हा पुन्हा सांगितले. सामना थांबला नाही. ज्याच्यासाठी आवाज चालू होते तो नापोलीचा बचावपटू कालिदू कुलिबाली आधी पिवळे कार्ड आणि मग पंचांकडे बघून टाळ्या वाजवल्याबद्दल दुसरे कार्ड घेऊन बाहेर गेला. सुली मुंतारीने २०१७मध्ये इटलीतल्या काल्यारीला पंचांकडे तक्रार केली तर तक्रारीचेच पिवळे कार्ड मिळाले. तो निघून गेला म्हणून दुसरे. रोमेलू लुकाकूने एप्रिल २०२३मध्ये तुरीनला शेवटच्या मिनिटांतली पेनल्टी मारून ओठांवर बोट ठेवले, त्यालाही दुसरे पिवळे. त्याच वर्षी मे महिन्यात मेस्टाया स्टेडियमवर व्हॅलेन्सियाविरुद्ध विनिसियस ज्युनियर प्रेक्षकातल्या माणसाकडे बोट दाखवून दाखवून थकला आणि शेवटी लाल कार्ड त्यालाच मिळाले. मुंतारीची बंदी उठली, लुकाकूची उठली, विनिसियसचे लाल कार्ड रद्द झाले. नंतर, कार्यालयात बसून. मैदानावर मात्र शिक्षा झालेला माणूस एकच होता. मेस्टायावरच्या तीन प्रेक्षकांना जून २०२४मध्ये न्यायालयाने आठ महिन्यांची शिक्षा आणि दोन वर्षांची स्टेडियमबंदी दिली. स्पेनमध्ये फुटबॉल स्टेडियममधल्या वर्णद्वेषाबद्दल झालेली ही पहिलीच शिक्षा. ती मिळायला एक वर्ष लागले, आणि तेवढा काळ विनिसियस प्रत्येक परक्या मैदानावर खेळत होता.

खेळाच्या नियमावलीत पंचांच्या परवानगीशिवाय मैदान सोडले तर पिवळे कार्ड आहे. गोल साजरा करताना जर्सी काढली तरी पिवळे कार्ड आहे. म्हणजे अपमान सहन होत नाही म्हणून माणूस जे दोन स्वाभाविक प्रकार करेल ते दोन्ही गुन्हे. हे नियम दुसऱ्याच कारणांसाठी केलेले आहेत, मला ठाऊक आहे. पण त्यांच्या कचाट्यात एकटा माणूस सापडतो. अकरा जण नाही.

कारण त्याच नियमावलीत आणखी एक ओळ आहे, जिचा विचार फार थोडे खेळाडू करतात: एखाद्या संघाचे सातपेक्षा कमी खेळाडू उरले तर सामना पुढे चालूच शकत नाही. एक जण बाहेर पडला तर बदली खेळाडू येतो. संघ मिळून बाहेर पडला तर आत यायला कोण उरते? ही ताकद फिफाने तुम्हाला दिलेली नाही, खेळानेच दिलेली आहे.

आणि ती वापरली तेव्हा काय झाले तेही आपण पाहिले. ३ जानेवारी २०१३ला प्रो पात्रियाविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात एसी मिलानचा केविन-प्रिन्स बोआटेंग २६व्या मिनिटाला निघाला, तेव्हा त्याच्यामागे अख्खा मिलान निघाला. सामना तिथेच संपला. मैत्रीपूर्ण होता, गुणांचा प्रश्न नव्हता, असे तेव्हा पुष्कळांनी म्हटले. मग ८ डिसेंबर २०२०ला पॅरिसमध्ये, थेट चॅम्पियन्स लीगमध्ये, चौथ्या पंचाने इस्तंबूल बाशाकशेहिरचे सहायक प्रशिक्षक पिएर वेबो यांचा उल्लेख त्यांच्या रंगावरून केला. बाशाकशेहिरच्या बदली खेळाडूंच्या बाकावरून डेम्बा बा उठला आणि गोऱ्या माणसाबद्दल तुम्ही असे बोलाल का, हे त्याने तिथेच, सगळ्यांदेखत विचारले. बाशाकशेहिर बाहेर पडला. आणि पॅरिस सेंट जर्मेनही बाहेर पडला. समोरचा संघ! युएफाला नवे पंच आणावे लागले, उरलेला सामना दुसऱ्या दिवशी झाला, त्याआधी दोन्ही संघ मधल्या वर्तुळाभोवती गुडघ्यावर बसले. कुणाचेही गुण कापले गेले नाहीत. दोन्ही संघ एकत्र असल्यावर कुणाला हरलेले ठरवणार?

किंमत मोजावी लागत नाही असे सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. एप्रिल २०२१मध्ये स्पेनमधल्या काडिसला समोरच्या खेळाडूने आपल्याला वर्णावरून शिवी दिली असे मुक्तार दियाकाबीने सांगितल्यावर व्हॅलेन्सियाचा संघ बाहेर गेला आणि थोड्या वेळाने परत आला. न खेळल्यास गुण जातील असे आम्हाला सांगण्यात आले, असे त्यांच्या कर्णधाराने नंतर सांगितले. ज्याच्यावर आरोप होता त्याने तो नाकारला, आणि चौकशीत पुरावा मिळाला नाही. त्या वादात मी पडत नाही. मला दिसतो तो साधे कपडे घालून स्टँडमध्ये बसलेला दियाकाबी आणि खाली त्याच्याशिवाय खेळणारा त्याचा संघ. ३० मार्च २०२४ला तर स्पेनच्या तिसऱ्या श्रेणीत रायो माहादाओंदाच्या खेळाडूंनी जे करायला हवे तेच केले. त्यांचा गोलरक्षक शेख सार शिव्या देणाऱ्या प्रेक्षकाला जाब विचारायला गेला, पंचांनी त्याला लाल कार्ड दाखवले आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पुढे खेळायला नकार दिला. शिस्त समितीने यजमान सेस्ताओ रिव्हरला शिक्षा केली खरी, पण माहादाओंदालाही ०-३ने पराभूत ठरवून वर तीन गुण कापले आणि दंड केला. सारवर दोन सामन्यांची बंदी.

हा निकाल वाचून मला संताप आला होता, आजही येतो. एका छोट्या क्लबचे खेळाडू, ज्यांची नावेही बहुतेकांना माहीत नाहीत, त्यांनी आपल्या गोलरक्षकासाठी गुण सोडले. आणि पहिल्या श्रेणीतले, ज्यांना तीन गुणांनी उपाशी राहायची पाळी येणार नाही, ते सामन्यानंतर समाजमाध्यमांवर काळ्या पार्श्वभूमीवर चार ओळी टाकून मोकळे होतात. त्या दिवशी सेस्ताओचा संघही माहादाओंदासोबत मैदान सोडून गेला असता तर समितीने कुणाचे गुण कापले असते?

इथे मला समोरच्या अकरा जणांशी बोलायचे आहे, कारण त्यांच्याकडे कुणी वळतच नाही.

प्रतिस्पर्धी खेळाडू जखमी होऊन पडला की तुम्ही चेंडू बाहेर मारता. तो उठला की समोरचा संघ थ्रो-इनवर चेंडू तुम्हाला परत देतो. असे करायला कुठलाही नियम तुम्हाला सांगत नाही. ही प्रथा खेळाडूंनी पाडली, खेळाडूंनीच पाळली, आणि कुणी मोडली तर स्वतःचे प्रेक्षकसुद्धा हुर्यो उडवतात. डिसेंबर २००० मध्ये गुडिसन पार्कवर एव्हर्टनचा गोलरक्षक जखमी होऊन पडलेला आणि चेंडू पेनल्टी क्षेत्रात आलेला असताना वेस्ट हॅमच्या पाओलो दि कानियोने गोल करायची संधी सोडून चेंडू हातात झेलला, त्याबद्दल फिफाने त्याला फेअर प्लेचा पुरस्कार दिला. (याच दि कानियोने २००५मध्ये लाझिओकडून खेळताना प्रेक्षकांना फॅसिस्ट सलाम केले, त्याला शिक्षाही झाली. एका प्रकारची खिलाडूवृत्ती असलेल्या माणसात दुसऱ्या प्रकारची असेलच असे नाही, हे त्यावरून मला कळले आणि ते अजून सलते.) मांडीचा स्नायू दुखावला तर चेंडू बाहेर मारायचा, हे तुम्हाला शिकवावे लागत नाही. मग हजारो लोक एखाद्याला जनावर म्हणत असताना चेंडू पायातच का ठेवता?

मला उत्तर माहीत आहे, आणि तुम्हालाही. त्या वेळी तो खेळाडू हललेला असतो. त्याचे लक्ष उडालेले असते. त्याला आणखी एक धक्का दिला, पंचांच्या पाठीमागे कानात एक वाक्य सोडले, तर तो भडकेल आणि कार्ड घेईल, हे चलाख बचावपटूला बरोबर कळते. व्यावसायिक खेळात याला मुरब्बीपणा म्हणायची रीत पडली आहे. प्रतिस्पर्ध्याला डिवचणे, पडल्याचे नाटक करणे, वेळ काढणे यांकडे कानाडोळा करता करता आपण इथवर आलो आहोत. तोंडावर जर्सी ओढून बोलायला लागलात तुम्ही. कॅमेऱ्याला ओठ दिसू नयेत म्हणून झाकायचे, इतके काय बोलायचे असते?

याउलट सोफियातली एक गोष्ट. ऑक्टोबर २०१९, बल्गेरिया विरुद्ध इंग्लंड. सामना दोनदा थांबवावा लागला इतके घाणेरडे वातावरण होते. आपला संघ दणकून हरत असताना बल्गेरियाचा कर्णधार इव्हेलिन पोपोव्ह मध्यंतराला ड्रेसिंग रूममध्ये न जाता आपल्याच प्रेक्षकांसमोर उभा राहिला आणि त्यांच्याशी वाद घालत राहिला. आपल्या लोकांना, आपल्या घरच्या मैदानावर, हे थांबवा म्हणून सांगत होता. तो सामना बल्गेरिया ०-६ने हरला. पोपोव्हला त्यासाठी मोठा पुरस्कार मिळाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. पण समोरच्या अकरांनी काय करायचे असते ते त्याने करून दाखवले. आपल्या प्रेक्षकांना पाहुण्या संघाचे ऐकायचे नसते, तुमचे ते ऐकतात. निदान तुमच्यासमोर त्यांना लाज वाटू शकते.

मारेगाने गिमाराइशला त्या दिवशी गोल केला होता. ऑगस्ट २०२५मध्ये अॅनफिल्डवर अँटोइन सेमेन्योला एका प्रेक्षकाने वर्णावरून शिवी दिली, सामना थांबला, पुन्हा सुरू झाला आणि सेमेन्योने दोन गोल केले. अशा वेळी 'त्याने गोलने उत्तर दिले' असे सगळे कौतुकाने म्हणतात. मला हे वाक्य बोचते. जुलै २०२१मध्ये युरोच्या अंतिम सामन्यात इंग्लंडच्या रॅशफर्ड, सँचो आणि साका यांच्या पेनल्टी हुकल्या आणि रातोरात त्यांच्यावर वर्णद्वेषी शिव्यांचा पाऊस पडला. साका तेव्हा १९ वर्षांचा होता. गोल झाला तर उत्तर, हुकला तर शिवीला जणू कारण मिळाले, हा कुठला हिशेब? माणसाला माणूस म्हणून वागवले जाण्यासाठी गोल करावा लागू नये.

आता ड्रेसिंग रूमबद्दल. तिथे आपला तो आपला, हे मला समजते. पण डिसेंबर २०११मध्ये मँचेस्टर युनायटेडच्या पॅट्रिस एव्हराला वर्णावरून बोलल्याबद्दल लिव्हरपूलच्या लुइस सुआरेझवर आठ सामन्यांची बंदी आली, तेव्हा त्याचे सहकारी त्याच्या चित्राचे टी-शर्ट घालून सरावाला उतरले होते. एव्हराची माफी मागायला त्या सहकाऱ्यांतल्या जेमी कॅरघरला २०१९ साल उजाडले. त्याने मागितली हे मोठेच. पण आठ वर्षे! त्याच २०१९मध्ये मोईस कीन या युव्हेंटसच्या १९ वर्षांच्या मुलाने काल्यारीला आवाज काढणाऱ्या प्रेक्षकांसमोर फक्त हात पसरले, तर त्याच्याच संघातला अनुभवी बोनुची म्हणाला, दोष निम्मा-निम्मा. नंतर आपले बोलणे चुकले असे त्याने म्हटले. जुलै २०२४मध्ये कोपा अमेरिका जिंकल्यावर बसमध्ये अर्जेंटिनाचे खेळाडू फ्रेंच खेळाडूंच्या मुळाबद्दल गाणे म्हणत होते, आणि एन्झो फर्नांडेझच्या फोनवरून ते जगभर गेले. त्यानेही माफी मागितली, विजयाच्या भरात झाले म्हणाला. भर ओसरल्यावर त्याला आपल्या क्लबच्या, चेल्सीच्या, त्याच ड्रेसिंग रूममध्ये परतायचे होते जिथे फ्रेंच सहकारी बसतात. बसमधल्या एकानेही त्याला 'बंद कर' म्हटले असते तर?

मैदान सोडण्याला एक आक्षेप मला पटण्यासारखा वाटतो, म्हणून त्याचे उत्तर देतो. उद्या हरत असलेल्या संघाचे प्रेक्षक मुद्दाम शिव्या देऊन सामना बंद पाडतील, असे म्हणतात. पाडू देत. सामना थांबवणे, तहकूब करणे आणि रद्द करणे या तीन पायऱ्या पंचांच्या हातात आहेतच, आणि रद्द झालेला सामना यजमानांनी गमावला असे ठरवण्याची मुभा फिफाच्या शिस्तसंहितेत आहे. ती वापरली गेली तर त्या स्टँडमधली शेजारची माणसेच त्या टोळक्याला बाहेर काढतील. आज ती गप्प बसतात, कारण त्यांचे काहीच जात नाही. जानेवारी २०२४मध्ये उदिनेला शिव्या ऐकून मिलानचा गोलरक्षक माइक मेन्यॉं मैदान सोडून गेला, मिलानचे सगळे त्याच्यामागून गेले, आणि नंतर त्याने बोट ठेवले ते नेमके ऐकून गप्प बसलेल्या प्रेक्षकांवर.

मे २०२४मध्ये बँकॉकच्या अधिवेशनात फिफाने मनगटांवर हातांची फुली करण्याची खूण ठरवली, वर्णद्वेष होतो आहे हे पंचांना कळवण्यासाठी. चांगले आहे. पण पुन्हा तेच, ज्याला लागले त्यानेच हात वर करायचे. ती खूण तुम्ही करा.

हंगामाच्या सुरुवातीच्या बैठकीत पेनल्टी कोण घेणार, कॉर्नरला कोण कुठे उभा राहणार, बोनस किती, सगळे ठरते. त्याच बैठकीत हेही ठरवा. आवाज ऐकू आला की ज्याच्या पायात चेंडू असेल तो बाहेर मारेल, कुठल्याही संघाचा असो. पंचांकडे कर्णधार जाईल, तो खेळाडू नाही. त्याला कुणी धरायचे नाही, शांत हो म्हणायचे नाही, त्याच्या जवळ उभे राहायचे. दुसऱ्यांदा ऐकू आले तर सगळे बाहेर. कुणी निघायचे आणि कुणी नाही हा प्रश्नच ठेवू नका. त्याला खेळायचे असेल तर तो सांगेल, आणि मग त्याच्यासाठी परत या. पण थांबण्याचे ओझे त्याच्यावर नको. वर्णद्वेषामुळे मैदान सोडलेल्या संघाचे गुण कापले जाणार नाहीत, ही अट तुमच्या खेळाडू संघटनांनी लेखी मिळवावी. माहादाओंदासारख्या क्लबला ती मिळणार नाही, तुम्हाला मिळेल. आणि नाणेफेकीला दोन कर्णधार हात मिळवतात तेव्हा अर्धे मिनिट तरी असतेच. समोरच्याला तिथेच विचारा, वेळ आली तर तुम्हीही येणार ना?

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक फुटबॉलप्रेमी